ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी प्राध्यापकांची तयारी: नवी मुंबईतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यातल्या एका विद्यापीठातलं आहे. संस्थेचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घडलं तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे. मी तिथल्या ऑनलाइन अध्यापन कक्षात काम करत होते, त्यामुळे लिहिलंय ते आतून पाहिलेलं आहे.

इथला विद्यार्थी कोण, हे आधी सांगायला हवं, कारण पुढचे बहुतेक निर्णय त्याच्यावरूनच ठरले. सकाळी वर्ग आणि दुपारनंतर काम, असा अनेकांचा दिवस. कोणी ऐरोली-महापेच्या कंपनीत शिफ्ट करतं, कोणी वाशीच्या बाजार समितीत गाळ्यावर हिशेब लिहितं, कोणी घणसोलीत शिकवण्या घेतं. कोपरखैरण्यातल्या माथाडी कुटुंबांतून आलेली, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेली मुलं बरीच. लॅपटॉप थोड्यांकडे, फोन सगळ्यांकडे. अभ्यास होतो तो रात्री जेवणानंतर किंवा लोकलमध्ये.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर नवी क्रेडिट-रचना आली आणि खुल्या ऐच्छिक विषयांची संख्या एकदम वाढली. त्यासाठी वर्गखोल्या नव्हत्या आणि वेळापत्रकात जागाही नव्हती. विद्या परिषदेनं ठरवलं की काही ऐच्छिक विषय पूर्ण ऑनलाइन चालवायचे, विद्यापीठाच्या स्वतःच्या मूडलवर, म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर. अंतर्गत मूल्यमापन ऑनलाइन, सत्रान्त परीक्षा हॉलमध्ये लेखी.

अडचण

तयारी झालीच नव्हती असं नाही. आधीच्या वर्षी सर्व प्राध्यापकांसाठी तीन दिवसांची कार्यशाळा झाली होती. मूडलवर फाइल कशी चढवायची, प्रश्नमंजूषा कशी बनवायची, स्क्रीन कशी रेकॉर्ड करायची, सगळं दाखवलं होतं. अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळ्यांनी ‘उत्तम’ लिहिलं होतं. पुढच्या सत्रात अभ्यासक्रम सुरू झाले तेव्हा बहुतेकांचं रूप एकसारखं होतं: महामारीच्या काळातली पन्नास-पन्नास मिनिटांची रेकॉर्डिंग, खाली नोट्सची पीडीएफ, शेवटी वीस वस्तुनिष्ठ प्रश्न आणि चर्चामंचावर ‘काही शंका असल्यास विचारा’ एवढं एक वाक्य. त्याला एकही उत्तर नाही.

कक्षातल्या आम्ही काही जणांनी यातले तीन अभ्यासक्रम विद्यार्थ्याच्या लॉगिननं, फोनवर, आठवडाभर करून पाहिले. काय चुकतंय ते तिथे नेमकं कळलं. पहिली गोष्ट लांबीची. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचाच्या चार अभ्यासक्रमांतल्या व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या होत्या. सहा मिनिटांहून लहान व्हिडिओत लक्ष सर्वाधिक टिकतं, असं त्यात दिसलं होतं. वर्गातला तास तसाच्या तसा फोनवर आणला की तो कोणी पुरा बघत नाही, हे आमच्याही नोंदींत दिसत होतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. पन्नास मिनिटांत विद्यार्थ्याला स्वतः करायला काहीच नव्हतं. वर्गात चांगला शिक्षक मध्येच थांबतो, एखाद्याला फळ्याकडे बोलावतो, समोरचे चेहरे पाहून पुन्हा सांगतो. रेकॉर्डिंगमध्ये यातलं काही उरत नाही, आणि त्याची भरपाई कुठे करायची हे कार्यशाळेत कोणी सांगितलेलं नव्हतं.

तिसरी गोष्ट मराठी माध्यमाच्या विषयांची. एका सरांकडे राज्यशास्त्राच्या कित्येक वर्षांच्या अप्रतिम मराठी नोट्स होत्या. त्या सगळ्या जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, म्हणजे तोच फॉन्ट नसलेल्या यंत्रावर न वाचता येणाऱ्या. फाइल फोनवर उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हांची रांग. छापून स्कॅन केलेली पीडीएफ दिसायची, पण तिच्यात शब्द शोधता येत नव्हता आणि झूम केल्यावर ओळ पडद्याबाहेर जायची. त्या वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थी होता. त्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, स्कॅनच्या पानावर पूर्ण गप्प राहायचा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६नुसार संस्थेवर जबाबदारी आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी, एक मुलगा शुल्क भरून विषयाला बसतो आणि त्याच्यासाठी त्यात एक ओळही नसते, ही गोष्ट मला अजून अस्वस्थ करते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सर्वांत सोपा होता: स्वतः काही बनवायचंच नाही. ‘स्वयम्’ हा केंद्र सरकारचा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच २०१७पासून सुरू आहे, आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातल्या विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत ‘स्वयम्’वरून घेऊन त्यांचे क्रेडिट देता येतात. काही विषयांसाठी आम्ही हाच मार्ग घेतला आणि तो योग्यच होता. तिथे उत्तम साहित्य असताना तेच पुन्हा बनवण्यात अर्थ नव्हता. पण संख्याशास्त्राची ओळख, महाराष्ट्रातलं स्थानिक स्वराज्य अशा विषयांत आमच्या मुलांना लागणारी उदाहरणं आणि मराठी-हिंदी-इंग्रजीची त्यांची रोजची मिसळ तिथे मिळत नव्हती.

दुसरा, बाहेरच्या एजन्सीकडून अभ्यासक्रम करून घ्यायचे. प्राध्यापकांनी स्टुडिओत येऊन बोलायचं, बाकी सगळं एजन्सीचं. प्रशासनाचा कल इकडे होता, कारण तारीख ठरवता येते आणि उद्घाटनाला दाखवायला चांगलं दिसतं. कक्षाचा आक्षेप असा की पुढच्या वर्षी एक उदाहरण बदलायचं झालं तरी पुन्हा एजन्सीकडे जावं लागेल, आणि शिकवण्याची रचना करणं हे काम शिक्षकाच्या हातातून निघून जाईल.

तिसरा, पुन्हा सगळ्यांची कार्यशाळा, या वेळी पाच दिवसांची. तो बैठकीत फार काळ टिकला नाही.

चौथा, छोटा गट घ्यायचा, पूर्ण सत्र द्यायचं, आणि प्रत्येकानं स्वतःच्या खऱ्या विषयाचा एकच आठवडा आधी उभा करायचा. तो सहकाऱ्यांनी विद्यार्थी म्हणून करून पाहायचा, मग पुढचे आठवडे. हे संथ होतं आणि प्रशासनाला दाखवायला वर्षाअखेरपर्यंत फारसं काही हाती येणार नव्हतं.

पहिला निर्णय: वेळ कुठून आणायचा

चौथा पर्याय निवडला, पण खरी झुंज वेळेवरून झाली. यूजीसीच्या २०१८च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असतं. त्यात परीक्षेचं काम, नॅकच्या मूल्यांकनाच्या फाइली, एनएसएस. ‘ऑनलाइनचं घरी बसून करा’ असं म्हणणं म्हणजे ते रात्री अकरानंतर करा असं म्हणणं.

कक्षानं मागितलं होतं की गटातल्या प्रत्येकाचे आठवड्याला चार तास एका सत्रापुरते कमी करावेत. उलट प्रस्ताव आला की मानधन देतो, तास कमी होणार नाहीत. इथे काही प्राध्यापकांना मानधन हवं होतं, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी दोन तास कमी झाले आणि काही मानधन मिळालं. पदोन्नतीच्या गुणांचा विषयही निघाला. कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या योजनेच्या, तक्त्यात चार भागांतल्या ई-कंटेंटला गुण आहेत, पण त्यासाठी नोंदी नीट ठेवाव्या लागतात. कक्षानं प्रत्येक मॉड्यूलचं तारखेसह प्रमाणपत्र द्यायचं ठरवलं. गोष्ट छोटी, पण गट टिकण्यात तिचा वाटा मोठा होता.

मालकीचा प्रश्नही याच टप्प्यावर सोडवला. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याकडे जातो. ‘मी सोडून गेलो तर माझ्या आवाजातले व्हिडिओ दुसराच कोणी चालवणार का?’ असं एका तरुण प्राध्यापकानं सरळ विचारलं. यावर एक पानाचं पत्र तयार झालं: साहित्यावर शिक्षकाचं नाव कायम राहील, शिक्षक स्वतःची प्रत बरोबर नेऊ शकेल, आणि तो सोडून गेल्यावर विद्यापीठ ते साहित्य ठरलेल्या मुदतीपर्यंतच वापरेल. या पत्रानंतर दोन जण नव्यानं गटात आले.

काय केलं

रचनेसाठी आयआयटी मुंबईतल्या सहना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या ‘लर्नर सेंट्रिक मूक’ या पद्धतीचा आधार घेतला (मूक म्हणजे सर्वांसाठी खुला मोठा ऑनलाइन अभ्यासक्रम). तिच्यात चार घटक आहेत: विद्यार्थ्याशी संवाद साधणारा छोटा व्हिडिओ, त्याला लागून करायचा सराव, ज्याला अजून हवं त्याच्यासाठी पुढच्या वाटा, आणि विद्यार्थ्यांचं आपसातलं बोलणं. यातली सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे व्हिडिओत मुद्दाम ठेवलेला थांबा. शिक्षक प्रश्न विचारतो, ‘इथे व्हिडिओ थांबवा आणि वहीत उत्तर लिहा’ म्हणतो, आणि मग पुढे जातो.

हे प्रत्यक्षात कसं उतरलं ते संख्याशास्त्राच्या मॅडमच्या एका आठवड्यावरून सांगते. विषय प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप. वर्गात त्या व्याख्या, सूत्र, उदाहरण या क्रमानं शिकवायच्या. गटातल्या पहिल्या बैठकीत त्यांना एकच प्रश्न विचारला गेला: ‘मॅडम, मुलं नेमकी कुठे अडखळतात?’ त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं: विचलनांची, म्हणजे प्रत्येक आकडा आणि सरासरी यांतल्या फरकांची, सरासरी काढतात आणि शून्य आलं की गोंधळतात, आणि शेवटी वर्गमूळ घ्यायला विसरतात. वर्षानुवर्षं उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकाकडे ही माहिती असते. ती कधी अभ्यासक्रमाच्या रचनेत शिरत नाही, एवढंच.

मग आठवडा या दोन अडखळण्यांभोवती बांधला. पहिल्या व्हिडिओत सूत्रच नाही. कांदा-बटाटा मार्केटमधले दोन काल्पनिक गाळे. एकाचा पाच दिवसांचा किलोचा भाव १८, १९, २०, २१, २२. दुसऱ्याचा १०, १५, २०, २५, ३०. दोन्हींची सरासरी २०. ‘तुमची खानावळ आहे, महिन्याचा कांदा एकाच गाळ्यावरून घ्यायचाय. कुठून घ्याल आणि का?’ इथे थांबा. पुढच्या व्हिडिओत दुसऱ्या गाळ्याची विचलनं: उणे १०, उणे ५, शून्य, ५, १०. बेरीज शून्य. ‘म्हणजे भाव हललाच नाही का?’ पुन्हा थांबा. यानंतर वर्ग करण्याची गरज मुलांना आपोआप वाटते. वर्गांची बेरीज २५०, पाचनं भागून ५०, वर्गमूळ सुमारे ७.०७. पहिल्या गाळ्याचं १.४१. दुसऱ्या गाळ्याचं प्रमाण विचलन बरोबर पाचपट.

सरावात प्रत्येक चुकीच्या उत्तराला वेगळा प्रतिसाद लिहिला. कोणी ५० भरलं तर ‘चूक’ एवढंच न येता ‘हे प्रचरण झालं, याचं एकक रुपयांचा वर्ग आहे, रुपयांत परत यायला काय करावं लागेल?’ असं येतं. शून्य भरलं तर त्याला दुसऱ्या व्हिडिओतल्या नेमक्या जागी परत पाठवलं जातं. हे प्रतिसाद लिहायला व्हिडिओ करण्याहून जास्त वेळ लागला. माझ्या मते संपूर्ण प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग हाच होता, कारण प्रतिसाद लिहिताना शिक्षक समोर नसलेल्या विद्यार्थ्याशी बोलायला शिकतो. मूडलमध्ये आकडे दर विद्यार्थ्याला बदलून देता येतात. त्यामुळे उत्तरं ग्रुपवर फिरवण्याचा प्रश्नही बराचसा सुटला.

दुसरा निर्णय: सहकाऱ्यांसमोर चाचणी

प्रत्येकाचा तयार आठवडा गटातल्या दुसऱ्या दोघांनी फोनवर, मोबाइल डेटावर करायचा होता, जमलं तर प्रवासात. अनेकांना हे नको होतं. वर्गाचं दार लावून शिकवायची सवय असते. सहकाऱ्यानं आपला पाठ विद्यार्थी म्हणून करायचा म्हणजे तपासणीच वाटते. एक ज्येष्ठ मॅडम स्पष्ट म्हणाल्या, ‘विभागप्रमुख पाहणार असतील तर मी यात नाही.’ त्यावर ठरलं की चाचणीची नोंद कक्षाबाहेर जाणार नाही, आणि विभागप्रमुखांना फक्त पूर्ण झालेला अभ्यासक्रम दिसेल. या निर्णयाशिवाय पुढचं काही झालं नसतं, असं मला वाटतं.

वाणिज्यचे एक सर ठाणे ते तुर्भे लोकलमध्ये सहकाऱ्याचा पाठ करायला बसले. स्लाइडवरचा तक्ता वाचता येईना, आणि प्रश्नमंजूषा सापडेचना. ती पीडीएफच्या शेवटच्या पानावरच्या लिंकमध्ये होती. तुर्भ्याला उतरून त्यांनी फोन केला, ‘अहो सर, तुमची क्विझ आहे कुठे? मी आख्खा प्रवास शोधतोय.’ त्याच संध्याकाळी या सरांनी स्वतःच्या स्लाइडमधले तक्तेही मोडून छोटे केले. त्यांना कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं.

कॅमेऱ्याबाबत लवचीक राहिलो. ज्यांना चेहरा दाखवायचा नव्हता त्यांनी वहीवर हात आणि आवाज एवढंच घेतलं. स्टुडिओ दोघांनीच वापरला. बाकीच्यांनी बंद खोली, कॉलर माइक आणि फोन यांवर भागवलं, आणि कोणाचं अडलं नाही.

राज्यशास्त्राच्या नोट्सचं काम मात्र रेंगाळलं. युनिकोडमध्ये नेणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढल्यावर रफार आणि जोडाक्षरं इकडची तिकडे होत, वेलांट्या सरकत. प्रत्येक पान वाचून दुरुस्त करावं लागलं. सर ते स्वतः रात्री करत बसले होते, हे उशिरा लक्षात आलं. मग एक टंकलेखक रोजंदारीवर घेतला. सरांसारख्या अभ्यासकाचा वेळ वेलांट्या सरळ करण्यात जाणं हा शुद्ध अपव्यय होता.

अभ्यासक्रम चालवताना

बनवण्याची तयारी आणि चालवण्याची तयारी वेगळी असते, हे सत्र सुरू झाल्यावर दिसलं. पहिले दोन आठवडे चर्चामंच ओस. मुलं व्हॉट्सॲपवरच विचारत होती. व्हॉट्सॲप बंद करावं असं काहींचं मत होतं. आम्ही ते सूचनांसाठी राहू दिलं, आणि तिथे आलेला विषयाचा प्रश्न शिक्षकानं मंचावर उत्तरासह मांडून फक्त दुवा ग्रुपवर द्यायचा असं ठरवलं. मंचावरचा प्रश्नही बदलला. ‘काही शंका?’ऐवजी ‘तुमच्या कामाच्या ठिकाणची रोज बदलणारी एक संख्या पाच दिवस लिहून काढा आणि तिचं प्रमाण विचलन इथे टाका.’ कोणी लोकलचा उशीर मोजला, कोणी दुकानातली रोजची विक्री. मुलं एकमेकांच्या आकड्यांवर बोलायला लागली.

साप्ताहिक थेट सत्र रविवारी सकाळी, फक्त शंकांसाठी. ते शनिवारी रात्री ठेवून पाहिलं होतं, पण शिफ्टवाल्यांना जमेना.

निष्पत्ती

गटातले सगळे शेवटपर्यंत पोचले नाहीत. घरच्या आजारपणामुळे एक मॅडम मध्येच थांबल्या, एका सरांची दुसरीकडे नेमणूक झाली. जे अभ्यासक्रम पूर्ण झाले ते चालले आणि पुढच्या वर्षी छोट्या दुरुस्त्यांसह पुन्हा चालले. संख्याशास्त्राच्या मॅडमनी वर्गातही कांद्याच्या गाळ्यांपासूनच सुरुवात करायला घेतली. राज्यशास्त्राच्या वर्गातला तो विद्यार्थी आता नोट्स ऐकू शकतो. त्यानं पहिली तक्रार केली ती आकृत्यांना वर्णन नसल्याची, आणि ती रास्त होती.

अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडणारी मुलं यातही होती. बहुतेक तीच, ज्यांनी पहिल्या दोन आठवड्यांत एकही सराव केला नव्हता. त्या टप्प्यावर शिक्षकानं नाव घेऊन पाठवलेला संदेश काहींना परत आणू शकला, सामूहिक सूचनेनं कोणी आलं नाही.

निकाल बरा दिसताच प्रशासनानं पुढच्या वर्षासाठी संख्या कितीतरी पटींनी वाढवायला सांगितलं. कक्षानं थोडेच अभ्यासक्रम घेतले आणि पहिल्या गटातल्या प्राध्यापकांना दुसऱ्या गटाचे मार्गदर्शक नेमलं, त्यांचेही तास कमी करून.

पुन्हा करायचं झालं तर

युनिकोडचं काम गट सुरू होण्याआधी संपलं पाहिजे, आणि त्याचा खर्च प्रशिक्षणाच्या अंदाजपत्रकात पहिल्याच ओळीला असावा. मराठी माध्यमाच्या कोणत्याही संस्थेला मी आधी हेच सांगेन.

एक तरी विद्यार्थी चाचणीच्या टप्प्यावर हवा होता. सहकारी प्राध्यापक फोनवर पाठ करतात तेव्हा त्यांना मांडणीतले दोष दिसतात, पण विषय आधीच येत असल्यामुळे समजण्यातल्या अडचणी दिसत नाहीत. दुसऱ्या गटात मागच्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांना यासाठी मानधन दिलं.

प्रशिक्षणाचा निम्मा वेळ अभ्यासक्रम चालवण्यावर जायला हवा: मंचावर काय लिहायचं, किती वेळात उत्तर द्यायचं, मागे पडलेल्याला कसं शोधायचं. पहिल्या वेळी हा भाग सत्र सुरू झाल्यावरच घेतला गेला.

आणि एक प्रश्न अजून सुटलेला नाही. एप्रिलमध्ये पेपर तपासणी सुरू झाली की शिक्षक मंचावरून नाहीसे होतात, आणि नेमकं तेव्हाच मुलांना सर्वाधिक विचारायचं असतं. सहायक नेमावेत असा प्रस्ताव कक्षानं दिला आहे: एम.ए., एम.कॉम.च्या विद्यार्थ्यांना तासावर मानधन, आणि त्यांनी दिलेल्या उत्तरांवर आठवड्यातून एकदा शिक्षकाची नजर. मंजुरी आली तर या एप्रिलमध्ये दोन विषयांत तो करून पाहणार आहोत.